सायकल आणि आपण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी पुण्याचा, सिंहगडाच्या आसपास दोनेक वर्षं माउंटन बाइक चालवतोय. नोव्हेंबरात दापोली तालुक्यात आंजर्ल्याला मावशीकडे आठ दिवस जाणार आहे, सायकल सोबत नेतोय. तिकडे डोंगर काही फार उंच नाहीत, मग वेगळी तयारी लागेल का? रानातल्या वाटांवर चालवली तर कोणी अडवेल का, आणि किनाऱ्यावर चालवता येते का?

उत्तर: डोंगर उंच नाहीत हे खरं, पण पुण्याकडचा हात घेऊन गेलात तर पहिल्याच दिवशी पडाल, कारण खालचा दगडच वेगळा आहे. आपल्याकडचा काळा दगड खडबडीत, टायर धरून ठेवतो. तिकडे जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या सपाटीवर, खाली कडक कातळ आणि वर वाटाण्याएवढे गोल तांबडे खडे पसरलेले असतात, चाक त्यांच्यावरून नुसतं घरंगळतं. तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबला की पुढचं चाक बाजूला सरकणार म्हणजे सरकणारच. त्यामुळे वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करून घ्या, दोन्ही ब्रेक हलके हलके दाबा, वळणात ब्रेकला हातच लावू नका. उतारावर दोन्ही पेडल एका पातळीत, बूड सीटच्या मागे आणि कोपर सैल, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. हवाही कमी करा. वजन ६५-७० किलो असेल आणि आत ट्यूब असेल तर २.२ इंची टायरला ३० पीएसआयच्या आसपास ठीक, त्याहून फार खाली नको, नाहीतर जांभ्याच्या कडेवर रिम आपटून ट्यूबला एकदम दोन भोकं पडतात.

नोव्हेंबर निवडलात हे छान. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाऊस संपला तरी सावलीतल्या पाखाड्यांवरचं शेवाळ बरेच दिवस ओलं राहतं. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट, वाडीतून सड्यावर नेणारी. अशाच एका पाखाडीवर मी पडलेय. वळणावर समोरून एक काकू डोक्यावर मोळी घेऊन आल्या, मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि थेट गडग्यावर, म्हणजे वाटेकडेच्या दगडी बांधावर. त्यांनी मोळी खाली ठेवली, रानमोडीचा पाला हातावर चोळला, माझ्या गुडघ्यावर दाबून धरला आणि म्हणाल्या, "ताई, ही चालायची वाट हो, हितं उतरून न्यायची सायकल." रक्त थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत. तेव्हापासून पाखाडीवर मी सायकलवर बसत नाही, चढताना नाही आणि उतरताना तर नाहीच, आणि तुम्हीही बसू नका असं मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण मला नुसतं खरचटलं, पण त्या काकूंना धक्का लागला असता तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

अडवण्याबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल अगदी थोडं, बहुतेक रान कोणाच्या ना कोणाच्या मालकीचं असतं. मावशीला सांगा, ती वाडीत कोणाला तरी विचारेल, एवढ्याने काम होतं. बेडं, म्हणजे आडव्या दांड्यांचं फाटक, बंद असेल तर बंदच समजा. विचारून उघडलंत तर दांडे परत होते तसे लावा, नाहीतर गुरं कलमांच्या बागेत शिरतात. देवराईत सायकल नेऊ नका, बाहेर ठेवून चालत जा.

सड्यावर गवत वाळून उभं असतं आणि त्यात चिरेखाण लपलेली असते. सरळसोट कापलेला खड्डा, कित्येकदा कठडा नाही, कुंपण नाही, कधी आत पावसाचं पाणी साठलेलं. म्हणून पहिल्या दिवशी वाट पायी बघून या, दुसऱ्या दिवशी सायकल न्या, आणि सूर्य मावळायच्या आत खाली उतरा. दुसरं म्हणजे फुरसं. वीतदोन वीत लांबीचा साप, कातळावरच्या दगडांखाली असतो. पंक्चर काढायला बसताना आधी जागा नीट बघा, दगड हाताने उचलू नका. चावलंच तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही, तो अवयव न हलवता गाडीने सरळ दापोलीचं सरकारी रुग्णालय गाठायचं. त्यावरची लस असते आणि वेळेत गेलं की माणूस वाचतो. एकट्याने जाऊ नका म्हणते ते यासाठीच.

किनारा. भरतीच्या रेषेच्या खाली, ओल्या घट्ट वाळूवर, ओहोटीला दिवसा चालवा, फार सुंदर वाटतं. वरच्या कोरड्या वाळूत मात्र नाही. आंजर्लं, केळशी, वेळास या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हंगाम साधारण नोव्हेंबरपासूनच सुरू होतो, एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून ही घरटी सांभाळलीत. पिल्लू जेमतेम दीड-दोन इंचाचं, टायरच्या चाकोरीत पडलं तर त्याला वर चढता येत नाही, चाकोरीतूनच चालत राहतं आणि समुद्र राहतो बाजूला. एका सायकलीच्या खुणेने एवढं होतं. रात्री टॉर्च घेऊन तर किनाऱ्यावर सायकल नकोच, उजेडाने आलेली मादी अंडी न घालता परत फिरते.

प्रश्न: ताई मी हर्णैचा, अकरावीत आहे. सायकलची चेन दर दोन महिन्यांनी गंजते, दुकानदार दरवेळी नवीन घाल म्हणतो. काय करू?

उत्तर: अरे, नवीन घालून ती पण गंजणारच, खारी हवा आहे तुमच्याकडे. किनाऱ्यावरून आलास की त्याच दिवशी गोड्या पाण्याने हळू धुवायची, जोराच्या पाइपने नको, बेअरिंगमध्ये पाणी जातं. मग जुन्या बनियनने पुसून उन्हात पूर्ण वाळू दे, आणि चेनच्या एकेका कडीवर आतल्या बाजूने तेलाचा एक थेंब. शिलाई मशीनचं तेल चालेल, फक्त ते लवकर उडतं म्हणून आठवड्यातून दोनदा घाल. पेडल दहा-पंधरा वेळा उलटं फिरव आणि बाहेरचं तेल पुसून टाक, ही पायरी सगळे विसरतात, वरच्या तेलाला वाळू चिकटते आणि तीच चेन खाते. सीटचा दांडाही महिन्यातून एकदा काढून ग्रीस लाव, नाहीतर आत असा धरतो की मग हातोडीनेसुद्धा निघत नाही.