अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या जुन्या काळातला एकच हंगाम वाचायचा असेल, तर कुठला वाचावा?

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१ चा. माझ्या मनात दुसरं नाव येतच नाही. हा संघ नऊ सामने खेळला, नऊही जिंकला, आणि हंगाम संपल्यावर विद्यापीठाने फुटबॉल संघच बंद करून टाकला.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड घालून खेळतात तो. हंगामात चांगली कामगिरी केलेल्या कॉलेज संघांना नववर्षाच्या सुमारास 'बाऊल' सामन्यांचं आमंत्रण मिळायचं. मायामीचा ऑरेंज बाऊल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाऊल, जॅक्सनव्हिलचा गेटर बाऊल, ही त्यातली मोठी नावं. त्यात मान होताच, पण पैसाही होता, आणि लहान कॉलेजांच्या दृष्टीने तो पैसा फार महत्त्वाचा होता. हे तिन्ही सामने दक्षिणेत व्हायचे. दक्षिणेत तेव्हा गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका मैदानात खेळणं बहुतेक ठिकाणी चालत नसे.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट या कॅथलिक पंथाची लहानशी संस्था. (बास्केटबॉलचा बिल रसेल पुढे याच कॉलेजातून आला.) प्रशिक्षक होते जो कुहारिच, आणि संघाच्या प्रसिद्धीचं काम पाहायचा पीट रोझेल नावाचा तरुण. संघात दोन काळे खेळाडू होते, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर.

मॅटसनबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. त्या हंगामात त्याने चेंडू घेऊन धावत १,५६६ यार्ड काढले, २१ टचडाउन केले (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकापलीकडे नेऊन गुण मिळवले), आणि दोन्हीत तो देशात पहिला होता. शिवाय तो बचावातही खेळायचा. न्यूयॉर्कमध्ये फोर्डमविरुद्धचा सामना ३२-२६ असा निसटता सुटला, त्यात तो काय खेळला ते बघा. किकऑफला प्रतिस्पर्धी चेंडू लांब तुमच्या टोकाला लाथाडतात आणि अकराच्या अकरा जण तुमच्या अंगावर धावून येतात. चेंडू झेलणाऱ्याने वीस-पंचवीस यार्ड पुढे नेला तरी लोक समाधानी असतात. मॅटसनने त्या एका सामन्यात दोनदा किकऑफ झेलून जवळजवळ अख्खं शंभर यार्डांचं मैदान पार केलं आणि थेट टचडाउन केलं. सामना सहा गुणांनी जिंकला होता, म्हणजे त्या दोन धावांचं मोल काय होतं ते वेगळं सांगायला नको.

खरी कसोटी होती स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिकविरुद्ध. बाऊलचं आमंत्रण या सामन्यावर ठरणार असं सगळेच धरून चालले होते, आणि संघ ४७-१४ ने जिंकला. खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितलंय की त्यानंतर कुहारिच यांनी त्यांच्यासमोर सरळ गोष्ट ठेवली: मॅटसन आणि टोलरला घरी ठेवलं तर बाऊलला जाता येईल. पोरांनी नाही म्हटलं. त्यावर मतदान किंवा फार चर्चाही झाली नाही. त्यानंतर ते पॅसाडीनाच्या रोझ बाऊल स्टेडियमवर लोयोलाविरुद्धचा शेवटचा सामना खेळले, तोही २०-२ ने जिंकला आणि घरी परतले. फुटबॉल आधीपासूनच तोट्यात होता. बाऊलचे पैसे आले असते तर कदाचित तगला असता.

बाऊलवाल्यांच्या बाजूने तेव्हा कारण दिलं गेलं ते असं की यांचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. प्रतिस्पर्धी फार बलाढ्य नव्हते हे खरंच आहे, राष्ट्रीय क्रमवारीतही हा संघ अखेरीस चौदावा होता. पण त्या वर्षी गेटर बाऊल खेळले मायामी आणि क्लेम्सन, आणि दोघांच्याही खात्यात पराभव होते. दुबळेपणाचं कारण मला मुळीच पटत नाही, आणि हा हंगाम नुसती नीतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो याचंही मला वाईट वाटतं, कारण त्यात खेळ झाकला जातो. हा संघ खेळाडू म्हणून किती मोठा होता ते पुढच्या वर्षांत दिसलं. त्यातले तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत: मॅटसन, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला जिनो मार्चेटी, आणि सहा फूट नऊ इंचांचा बॉब सेंट क्लेअर. सेंट क्लेअरचं तर कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी होतं. इथला संघच उरला नाही म्हणून तो टल्सा विद्यापीठाकडून खेळला. प्रसिद्धी बघणारा रोझेल १९६० मध्ये एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या लीगचा, आयुक्त झाला. त्याच्या आदल्या वर्षी, लॉस एंजेलिस रॅम्स या संघाचा व्यवस्थापक असताना, त्याने एकट्या मॅटसनच्या बदल्यात नऊ जण दिले होते!

मराठी वाचकांना एक धागा नक्की आवडेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, त्याच ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्याचं कांस्य मॅटसनने जिंकलं, आणि रिलेत रौप्यही.

टोलरची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. संघातले लोक त्याला मॅटसनच्याच तोलाचा मानायचे. पण १९५२ मध्ये एका निवडक खेळाडूंच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक. १९६५ मध्ये तो एनएफएलचा पहिला काळा पंच झाला आणि पंचवीस हंगाम त्याने ते काम केलं. १९८० च्या सुपर बाऊलमध्येही, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यातही, तो पंच होता. तो सामना झाला पॅसाडीनाच्या रोझ बाऊल स्टेडियमवर, म्हणजे १९५१ चा संघ जिथे शेवटचा खेळला तिथेच. २०१७ मध्ये विद्यापीठाने एका वसतिगृहाला त्याचं नाव दिलं.

हा हंगाम वाचून झाला की त्याच शरद ऋतूतली ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या काळ्या खेळाडूची हकिगत वाचा. ओक्लाहोमात त्याच्या हातात चेंडू नसताना मुद्दाम ठोसा मारून त्याचा जबडा मोडला होता, आणि त्या प्रसंगाच्या छायाचित्रांना पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मग १९५६ च्या शुगर बाऊलवर या. तिथे पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रियर हा काळा खेळाडू होता, म्हणून समोरच्या जॉर्जिया टेकने खेळूच नये यासाठी जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी जंग जंग पछाडलं होतं, तरी सामना झाला आणि ग्रियर खेळला.