पहिला जुना ट्रॅक्टर घेताना
दोन-चार एकरांना 25 ते 35 एचपी भरपूर झाला. नवा रंग पाहून भुलू नका. रंगाखाली गळती लपते.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जा. खोड्या थंड इंजिनातच कळतात.

- निळा धूर थांबतच नाही: ऑइल जळतंय, बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.
- डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल: आत पाणी शिरलंय. सौदा सोडा.

लिफ्टवर जड अवजार उचलून इंजिन बंद करा. हळूहळू उतरलं तर चालेल, झपाट्याने खाली आलं तर हायड्रॉलिकचं काम निघणार. पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि क्लच लोड देऊनच तपासा. चासी नंबर कागदांशी जुळवा. सुटे भाग जवळपास मिळत नसतील, तर स्वस्त ट्रॅक्टरही महागात पडतो.