निदान झाल्यानंतर

अनेक आशीर्वाद.

कागदावर ‘डिप्रेशन’ हा शब्द वाचल्यापासून हायसंही वाटतंय आणि धास्तीही बसलीय, असं लिहिलंस. दोन्ही साहजिक आहे. ‘आळस’, ‘नाटकं’ असं सतत ऐकून घेतल्यावर त्रासाला नाव मिळालं की जीव भांड्यात पडतो. नाव मिळालं हे चांगलंच झालं. आता उपचार ठरवता येतील, आणि या आजारावर खरोखर गुण येणारे उपचार आहेत.

पण हे नाव ठरतं कसं, तेही समजून घे. डिप्रेशन दाखवणारी रक्ततपासणी नाही. (डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते थायरॉइड किंवा बी-१२ कमी नाही ना, हे बघायला, त्यानेही माणूस असाच मलूल होतो.) प्रचलित निकषांत नऊ लक्षणं आहेत. त्यांतली किमान पाच, दोन आठवडे तरी, जवळजवळ रोज हवीत. आणि उदासी किंवा कशातच रस न उरणं, यांतलं एक तरी हवंच. म्हणजे एकाची झोप उडालेली, अन्नावरची वासना गेलेली. दुसरा दिवसभर झोपतो आणि सारखा खातो. निदान दोघांचं एकच! म्हणून दुसऱ्या कुणाला काय लागू पडलं, यावरून स्वतःचा अंदाज बांधू नकोस.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून सांग. मागे कधी सलग काही दिवस जेमतेम झोपूनही उत्साह ओसंडत होता, डोक्यात विचार सुसाट होते, पैसे उधळले गेले, असं झालंय का? लोक हे सांगत नाहीत, कारण ते दिवस त्यांना आजारातले वाटतच नाहीत. पण तो बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून-पालटून येणारा आजार, असू शकतो, आणि त्यात नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी उन्माद उफाळू शकतो.

या याद्या माणसांनीच केल्यात, त्या चुकतातही. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आजार म्हणून होती. त्यामुळे ‘मी डिप्रेशनवाला माणूस, मला काय जमणार’ हे तुझं वाक्य मला मुळीच पटलं नाही. तुला काय जमेल, हे निदान सांगत नाही. तू का खचतोस, घरी-कामावर काय चाललंय, तेही त्यात नसतं. ते तुलाच बोलावं लागेल.

पुढच्या भेटीत विचार: हेच निदान का, दुसरं काय असू शकतं, फेरविचार कधी करायचा? गोळ्या मनाने बंद करू नकोस. आणि मरणाचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ, जवळच्या कुणाला तरी सोबत घेऊन.