‘त्याचा न्याय’ की ‘त्याला न्याय’?

एका वाचकाचा प्रश्न आहे: मराठी बायबलात संदेष्ट्यांच्या तोंडी ‘न्याय’ हा शब्द कधी धमकीसारखा येतो, कधी आनंदाच्या बातमीसारखा. मग देवाचा न्याय म्हणजे शिक्षा की सुटका? आणि त्याच्या जोडीला सतत येणारं ‘नीतिमत्त्व’ म्हणजे काय?

आधी मराठीच पाहू. ‘देव त्याचा न्याय करील’ म्हटलं की घाम फुटतो. ‘देव त्याला न्याय देईल’ म्हटलं की धीर येतो. सगळी किमया ‘चा’ आणि ‘ला’ची. जुन्या कराराची मूळ भाषा हिब्रू; तिच्यातलं ‘शाफात’ हे क्रियापद मात्र दोन्ही अर्थांनी थेट कर्म घेऊ शकतं. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात पहिल्या अध्यायात ‘शिफ्तू यातोम’ आहे, शब्दशः ‘अनाथाचा न्याय करा’. आता अनाथाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा, असा अर्थ कोण लावेल? त्याचं जे बुडवलं गेलंय ते त्याला मिळवून द्या, असं यशया सांगतोय. ४३व्या स्तोत्रात तर भक्त स्वतःच देवाला गळ घालतो: ‘शोफ्तेनी’, माझा न्याय कर.

याच धातूचा ‘शोफेत’. त्या नावाच्या पुस्तकाला मराठी बायबलात ‘शास्ते’ म्हणतात, आणि ही निवड मला फार आवडते. हे शास्ते नुसते निवाडे देत बसणारे नव्हते. शत्रूच्या तावडीतून लोकांना सोडवणारे पुढारी होते. ‘मिश्पात’ म्हणजे न्याय, तोही याच घरचा. त्यात निकाल येतो, पण विसकटलेलं पुन्हा जागेवर बसवणंही येतं.

‘नीतिमत्त्व’ मात्र मला खटकतं. मूळ शब्द ‘त्सदाका’ (आपल्या ‘चमचा’तला च म्हणा, उच्चार जवळपास जमतो). नीतिमत्त्व म्हटलं की सोवळा, सज्जन माणूस डोळ्यांपुढे येतो. त्सदाका ही करायची गोष्ट आहे. पुढे ज्यूंच्या बोलण्यात तिचा अर्थ दानधर्म असा झाला. आपल्याकडे भिकारी ‘धर्म करा’ म्हणतो, तेव्हा ‘धर्म’ हा शब्द याच वाटेने गेलेला असतो.

यशयाने पाचव्या अध्यायात या जोडीवर श्लेष केलाय. देवाने द्राक्षमळ्याची, म्हणजे आपल्या लोकांची, एवढी निगा राखली आणि आली रानटी द्राक्षं: देवाने वाट पाहिली मिश्पातची, निघाला ‘मिस्पाह’ म्हणजे रक्तपात; त्सदाकाची, तर ऐकू आली ‘त्सआका’ म्हणजे गांजलेल्यांची आरोळी. मराठीत मी ‘पाहिला आचार, निघाला अत्याचार, पाहिली नीती, उरली भीती’ इथवर पोचलो. पण आरोळी निसटली, आणि तीच महत्त्वाची. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) इस्राएली गुलामांची जी हाक देवाने ऐकली, तिलाही बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात हाच शब्द आहे.

आमोस हा दुसरा संदेष्टा, इ.स.पू. ८व्या शतकातला, तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. त्याचा राग मापात पाप करणाऱ्यांवर: धान्याचं माप लहान, गिऱ्हाइकाची चांदी तोलायचं वजन मोठं, आणि जोडाभर वहाणांसाठी गरिबाचा सौदा. मिश्पात पाण्यासारखा वाहू दे, त्सदाका ‘नाहाल एतान’सारखी, असं तो म्हणतो. त्या मुलखातले बरेच ओढे उन्हाळ्यात आटतात. नाहाल एतान म्हणजे बारमाही ओढा.

हीच मंडळी परमेश्वराच्या दिवसाची, म्हणजे देव न्याय करायला येईल त्या दिवसाची, आतुरतेने वाट पाहत होती. त्या दिवशी आपल्याला न्याय मिळेल, अशी त्यांची खात्री. आमोस त्यांना सांगतो, तो दिवस अंधाराचा आहे, उजेडाचा नाही. मराठीत सांगायचं तर, ते ‘आम्हाला’ म्हणत होते आणि तो ‘तुमचा’ म्हणत होता.