इंजिन तेच, बैठक वेगळी

३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि तेव्हापासून क्रूझरचे, म्हणजे पाय पुढे पसरून बसायच्या गाड्यांचे, प्रश्न थांबायला तयार नाहीत. बहुतेकांनी दोन गाड्यांच्या आकड्यांचा तक्ता करून पाठवलाय आणि खाली लिहिलंय, 'आता तुम्हीच सांगा.' आकडे जवळपास सारखे आहेत, म्हणून तर गाडी तिथे अडलीये. तेव्हा तक्ता जरा बाजूला ठेवू.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० आणि क्लासिक ३५० यांचं इंजिन एकच आहे म्हणतात. क्लासिक दिसायला आवडते, पण मैत्रीण मीटिऑरच घे म्हणते. काय करू? (वाचक, सातारा)

इंजिन एकच, हे खरं आहे. ३४९ सीसी, २०.२ बीएचपी ताकद, २७ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे खेचण्याचा जोर), पाच गिअर. फरक आहे तो बसल्यावर. मीटिऑरची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर, क्लासिकची ८०५. चार सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं कागदावर वाटतं. तुमच्या उंचीला मात्र पाऊल पूर्ण टेकणं आणि चवड्यांवर उभं राहणं यातला तो फरक आहे. वजन दोघींचंही दोनशे किलोच्या अलीकडे-पलीकडे: मीटिऑर १९१, क्लासिक १९५. चवड्यांवर उभं राहून तेवढं वजन तोलणं सिग्नलला जमून जातं, पण फसगत पार्किंगमध्ये होते.

शोरूममध्ये गाडी साइड स्टँडवर असताना बसून बघू नका, त्यातून काही कळत नाही. गाडी बाहेर रस्त्यावर काढायला लावा. रोज घालता ती चप्पल-बूट घालून बसा आणि बसल्या बसल्या पायांनी दहा पावलं मागे ढकला. मग नाक उताराकडे करून तेच करून बघा. सोसायटीत सकाळी घाईत गाडी मागे ओढायची वेळ येते तेव्हा गुडघे थरथरतात की नाही, ते तिथेच समजेल. माझा कौल मैत्रिणीच्या बाजूने.

आणखी एक. क्लासिकच्या स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. अलॉय चाकांचं क्लासिक ट्यूबलेस मिळतं, अलॉय चाकांच्या मीटिऑरलाही ट्यूबलेसच येतात. कास पठाराच्या वाटेवर पंक्चर झालं की हा मुद्दा आपोआप पहिल्या नंबरवर येतो.

आम्ही दोघं महिन्यातून एकदा पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरतो. मीटिऑर आणि होंडा हायनेस सीबी ३५० यांत अडकलोय. बायको मागे बसते, तिला पाठीचा त्रास आहे. (वाचक, पुणे)

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत. या खरेदीत निर्णय वहिनींचा.

आधी गाड्यांबद्दल. हायनेस तशी क्रूझर नव्हे. पाय साधारण गुडघ्याखालीच राहतात, पाठ सरळ. वजन १८१ किलो, आणि ३० न्यूटन-मीटर टॉर्क ३,००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असतानाच, मिळतो. घाटात डबलसीट, मागे बॅग, पुढे ट्रक रांगतोय, अशा वेळी तिसऱ्या गिअरमधून सारखं खाली यावं लागत नाही. मीटिऑरचा टॉर्क ४,००० ला येतो, तिला जरा फिरवावं लागतं. वळणावळणाच्या रस्त्यावर हायनेस हलकी वाटते. मीटिऑर वळते, पण 'चला, वळू या' अशा थाटात.

आता पाठ. क्रूझरमध्ये फुटरेस्ट पुढे असतात, त्यामुळे समोर खड्डा दिसला तरी चालवणाऱ्याला पायांवर भार घेऊन उठता येत नाही, दणका थेट माकडहाडाला. मागे बसणाऱ्याला तर खड्डा दिसतच नाही. म्हणून डबलसीट निघण्याआधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवायलाच हवा. ही साधी गोष्ट दहातले नऊ जण करत नाहीत, आणि मग गाडी 'हार्ड' की 'सॉफ्ट' यावर वाद घालतात. मीटिऑरच्या काही मॉडेलना बॅकरेस्ट कंपनीकडूनच येते. पाठीचा त्रास असणाऱ्याला दोनशे किलोमीटरनंतर तिचं मोल कळतं, फक्त ती नेमकी कमरेला टेकते की वर मणक्याला टोचते, हे बसूनच बघावं लागेल.

मला एकदा एका शोरूमने टेस्ट राइड म्हणून इमारतीभोवती एक चक्कर मारू दिली होती, तीही मागे त्यांचा माणूस बसवून. अशा चकरीवर दोन-अडीच लाख देऊ नका. वहिनींना मागे बसवून निदान वीस मिनिटं, दोन-चार स्पीडब्रेकर आणि एक खराब पट्टा, एवढं मागाच. देत नसतील तर दुसरं शोरूम गाठा. मीटिऑरचं सर्व्हिस सेंटर कोकणात सापडणं सोपं, होंडाच्या या गाड्या बिगविंग या तिच्या वेगळ्या शोरूममध्येच विकतात, ती तुमच्यापासून किती लांब आहे ते आधी बघा.

घाट जास्त आणि मुक्काम कमी असेल तर मी हायनेस घेईन. पण वीस मिनिटांनी वहिनी मीटिऑरवरून हसत उतरल्या तर माझं ऐकू नका.

बजेट कमी आहे. बजाज ॲव्हेंजर २२० ची ताकद १९ पीएस, मीटिऑरची २० च्या आसपास. मग जास्त पैसे कशाला? (वाचक, नागपूर)

ॲव्हेंजरचे १९ पीएस ८,५०० आरपीएमला येतात, मीटिऑरचे ६,१०० ला. टॉर्क साडेसतरा विरुद्ध सत्तावीस. म्हणजे ॲव्हेंजर पळते, पण ओरडून. मीटिऑर ऐंशी-नव्वदला निवांत चालते.

तरीही ॲव्हेंजरला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. २००१ च्या सुमारास आलेल्या कावासाकी-बजाज एलिमिनेटरपासूनचा हा वंश, आणि स्वस्तात पाय पसरून बसायची सोय आपल्याकडे त्यानेच केली. १६३ किलो वजन, ७३७ मिलिमीटरची सीट. शहरातच फिरणार असाल तर ती घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि पावसाळी बूट घ्या.

मीटिऑर ३५० विकून सुपर मीटिऑर ६५० घ्यावी का? समृद्धीवर मजा येईल असं वाटतं. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही, अटल सेतूवरही. ६५० ला जिथे मोकळा श्वास घेता येईल असे महाराष्ट्रातले सगळ्यात चांगले रस्ते तुमच्यासाठी बंद आहेत. जुन्या महामार्गांवर ट्रॅक्टर आणि उलटे येणारे यांच्यात ४७ पीएस कुठे वापरणार?

गाडी सुंदर आहे, यात वाद नाही. जुळं सिलिंडर, ५२ न्यूटन-मीटर, सीट ७४० वर. पण वजन २४१ किलो आणि पोटाखालची जागा १३५ मिलिमीटर, तुमच्या आत्ताच्या गाडीला १७० आहे. डबलसीट असताना आपल्याकडच्या हौशी स्पीडब्रेकरवर ती घासते. तिरकी घेऊन उतरवायची सवय करावी लागेल.

शिवाय ३५० सीसी ही आता लक्ष्मणरेषा झालीये. तिच्या पलीकडे जीएसटी ४० टक्के. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा, त्याचा २०२२ मध्ये ठरलेला हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, पुढे १५,११७. वर्षाला दोन मोठ्या सफरी होत असतील, राजस्थान वगैरे, तर घ्या. नाहीतर आहे त्या मीटिऑरचे टायर बदला.

हार्ले एक्स ४४० क्रूझर आहे का? (वाचक, कोल्हापूर)

नाही. नाव हार्लेचं, बांधणी हिरोची, बैठक रोडस्टरची, म्हणजे साध्या सरळ बसायच्या गाडीची. ३८ न्यूटन-मीटरचं इंजिन झकास आहे, पण पाय पसरून बसायचं असेल तर ही ती गाडी नव्हे. आणि ४४० सीसी असल्याने वरची रेषा हिलाही लागू.

तीन वर्षं जुनी मीटिऑर मिळतेय. मालक म्हणतो, 'फक्त रविवारी चालवली.' काय तपासू? (वाचक, अलिबाग)

रविवारी चालवलेल्या गाडीचे फुटरेस्टचे रबर, गिअरचं पेडल आणि डाव्या हँडलची ग्रिप झिजलेली नसते. किलोमीटर फिरवता येतात, हे तिन्ही बदलायचं मात्र सहसा कुणाला सुचत नाही. अलिबागची खारी हवा आहे, तेव्हा सायलेन्सरच्या खालच्या बाजूला, स्टँडच्या स्प्रिंगला आणि टाकीच्या झाकणाच्या आत टॉर्च मारून गंज बघा. गाडी सकाळी, थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने गरम करून ठेवली असेल तर चहा घ्या, गप्पा मारा आणि परत जा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.