रक्तातील जिवाणू नॅनोकणांनी लवकर सापडतील का?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची शंका होती, पण ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातील जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हाती यायला तीन दिवस लागले. नॅनोकणांचे (अतिसूक्ष्म कणांचे) बायोसेन्सर, म्हणजे जिवाणूसारखे जैविक घटक ओळखणारी साधने, हेच काम काही तासांत करतात, असे वाचनात आले. मग कल्चरसाठी थांबावे का लागते?

उत्तर : ते तीन दिवस घरच्यांना किती जड जातात, याची कल्पना आहे. खरी अडचण जिवाणूंच्या संख्येची आहे. एक मिलिलिटर रक्तात सुमारे 5 अब्ज तांबड्या पेशी असतात आणि संसर्ग झालेल्या प्रौढ रुग्णाच्या तेवढ्याच रक्तात जिवाणू अनेकदा दहासुद्धा नसतात. म्हणूनच कल्चरच्या बाटलीतील पोषक द्रवात त्यांना आधी वाढू द्यावे लागते आणि वेळ जातो तो त्यातच.

नॅनोकण ही वाट दोन प्रकारे जवळची करू पाहतात. लोहाच्या ऑक्साइडच्या कणांवर प्रतिपिंडे (ठरावीक जिवाणूला ओळखून चिकटणारी प्रथिने) बसवली, की ते कण जिवाणूच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि चुंबकाने त्याला रक्तातून ओढून वेगळे काढता येते. सोन्याच्या साधारण 15 नॅनोमीटरच्या कणांचे द्रावण लाल दिसते. जिवाणूमुळे हे कण एकमेकांजवळ आले, की द्रावण जांभळट निळे होते. मात्र रक्तात मिसळताच तेथील प्रथिने या कणांवर थर धरतात आणि प्रतिपिंडे झाकली जातात. त्यामुळे ‘काही मिनिटांत निदान’ अशी बातमी वाचली, की ती चाचणी रुग्णाच्या रक्तावर झाली की स्वच्छ द्रावणात मुद्दाम जिवाणू मिसळून, हे आधी पाहावे.

प्रत्यक्ष वापरात आलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये मान्य केलेली ‘टी२ बॅक्टेरिया’ चाचणी. तिच्यात जिवाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती तयार करतात, त्यांच्याभोवती चुंबकीय नॅनोकण गोळा होतात आणि भोवतालच्या पाण्याच्या चुंबकीय प्रतिसादात पडलेला फरक मोजला जातो. उत्तर तीन ते पाच तासांत मिळते, पण ते ठरावीक मोजक्याच जिवाणूंपुरते असते. शिवाय कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कल्चरमध्ये वाढलेला जिवंत जिवाणूच लागतो. म्हणून ही चाचणी कल्चरच्या जोडीने करतात.

डॉक्टर रिपोर्टसाठी उपचार थांबवत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. शक्य असेल तर प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी कल्चरसाठी रक्त घेतात, कारण औषध शरीरात गेल्यावर बाटलीत जिवाणू वाढण्याची शक्यता कमी होते.