गिटारवर सी, जी, ए मायनर, एफ हे कॉर्ड वाजवता येतात, पण स्वतःच्या सगळ्या चाली सारख्याच होतात. कॉर्ड प्रोग्रेशन, म्हणजे कॉर्ड एकामागून एक लावायचा क्रम, नेमका कसा शिकावा?

तुम्ही लिहिलंय की आधी हे चार कॉर्ड फिरवत बसता आणि त्यावर कवितेचे शब्द गुणगुणता. दुखणं तिथेच आहे. हात बदलला की गळाही बदलतो, दर चौथ्या कॉर्डला ओळ संपते, आणि तोंडून निघणारा सूर बहुतेक वेळा त्या क्षणी वाजणाऱ्या कॉर्डमधलाच असतो. मग चाली वेगळ्या होणार कशा?

कॉर्डच साधे आहेत म्हणून चाली सारख्या होतात, ही तक्रार मात्र डोक्यातून काढून टाका. पाखेलबेल या जर्मन संगीतकाराची ‘कॅनन’ ही रचना ऐका. तीन व्हायोलिनांच्या खाली बेसला, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाला, आठच सुरांची ओळ आहे: सा प ध ग म सा म प. ती 28 वेळा जशीच्या तशी येते, पण वर व्हायोलिनं सतत काहीतरी नवं करत असल्यामुळे तिचा कंटाळा येत नाही.

तेव्हा गिटार बाजूला ठेवा. कविता मोठ्याने वाचा, चाल नुसत्या गळ्याने लावा, फोनवर रेकॉर्ड करा. ती दुसऱ्या दिवशीही आठवली तर गिटार हातात घ्या. आता सा शोधा आणि ओळीची सरगम करा. पेटीवर थोडं जरी शिकला असाल तरी हे जमेल, आणि इथे आपल्याकडच्या माणसाला उलट फायदाच आहे. तुमचे चार कॉर्ड म्हणजे मूळ सुरांच्या भाषेत सा, प, ध, म. असं पाठ केलंत की कुठल्याही पट्टीत वाजवता येतं.

मेजर स्केलमधला (सा ते नी, सगळे शुद्ध सूर) प्रत्येक सूर त्याच स्केलच्या तीन साध्या, तीन सुरी कॉर्डमध्ये असतो. माझ्या मते निम्मी थिअरी एवढीच. सी हा सा धरला, तर गंधार सी, ई मायनर आणि ए मायनर या तिघांत सापडतो. आता समजा तुमची ओळ आहे ‘उद्या तरी येशील ना’, आणि शेवटचा ‘ना’ गंधारावर अख्खं आवर्तन धरलाय. खाली सी वाजवलात तर विचारणाऱ्याला खात्री आहे, माणूस येणार. ए मायनर वाजवलात तर तोच सूर, तोच शब्द, पण त्याला आतून कळलंय की कुणी येणार नाही. एफ वाजवून बघा. एफमध्ये गंधार नाहीच, त्यामुळे ‘ना’ अधांतरी राहतो आणि प्रश्न खरोखर प्रश्न होतो. आणि ए सेव्हन वाजवलात तर त्यातला कोमल रिषभ स्केलच्या बाहेरचा असल्यामुळे कान टवकारतो, आणि पुढची ओळ डी मायनरवर सुरू केल्याशिवाय चैन पडत नाही. चाल एका सुरानेही बदललेली नाही. गाण्याचा अर्थ मात्र चार वेळा बदलला. हा खेळ प्रत्येक लांब सुरावर करून बघा. मधल्या पळत्या सुरांसाठी कॉर्ड शोधत बसू नका, सम आणि ठेहराव सांभाळले की पुरे.

कॉर्ड किती वेळाने बदलायचा याकडे नवखे लोक लक्षच देत नाहीत. केहरव्यात मुखड्याला आठ मात्रांना एक कॉर्ड ठेवा आणि अंतऱ्यात चार मात्रांना एक. तेच कॉर्ड असले तरी अंतरा धावायला लागतो.

आणखी एक युक्ती, जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते: मुखड्यात जी वाजवूच नका. जीमध्ये म मिसळला की जी सेव्हन होतो, म्हणजे त्यात नी आणि म दोन्ही आहेत. नीला सावर जायचं असतं, मध्यमाला गंधारावर. घरी परतायची सगळी ओढ या दोन सुरांत आहे. तुमच्या चक्रात जीचा कॉर्ड दर वेळी दुसऱ्याच नंबरला येऊन खर्ची पडतो. त्याऐवजी मुखडा सी, एफ, ए मायनर एवढ्यावर भागवा, अंतरा एफ किंवा डी मायनरवर उघडा, आणि जी सेव्हन अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवा. मुखडा परत येतो तेव्हा फरक कळेल.

रागावर आधारलेली चाल असेल तर जरा जपून. भूपात सा रे ग प ध एवढेच सूर, त्यातून पूर्ण कॉर्ड दोनच बनतात: सी आणि ए मायनर. बाकी जे वाजवाल त्यात म किंवा नी बाहेरून येणार. चालतं, पण ठरवून आणा. यमनात तीव्र मध्यमामुळे एफ बाद होतो आणि डी मेजर येतो. त्याच्यामागे लगेच जी वाजवलात की गडबड होते, कारण सीपासूनचा यमन आणि जी मेजर यांचे सूर तेच सात. कानाला जीच सा वाटू लागतो आणि तुमचा यमन हरवतो. उपाय सोपा आहे: डी मेजर वाजवताना बेसला सीच धरून ठेवा. हिंदी चित्रपटसंगीतात आपल्या चाली आणि पाश्चात्त्य हार्मनी यांचा मेळ बसवण्यात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोव्याच्या अरेंजर (संगीत संयोजक) मंडळींचा मोठा वाटा आहे. त्यांच्या काळातली गाणी हेडफोन लावून, गायकाकडे दुर्लक्ष करून, नुसत्या बेसकडे कान देऊन ऐका. बेसचा सूर बहुतेक वेळा कॉर्डचं नाव सांगून जातो.

गिटारवर पट्टी बदलायची कशी, हा प्रश्नही विचारला होतात. काळी एक हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून हेच सीचे आकार वाजवा. काळी चारसाठी कॅपो तिथेच ठेवा आणि जीचे आकार धरा, म्हणजे जी, सी, डी, ई मायनर. बार कॉर्डवाचून (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचे कॉर्ड) वर्षभर सहज निघेल.